खंडेनवमीची गाडी आणि वेण्णेचे पाणी

आश्विन शुद्ध नवमीस आपण खंडेनवमी म्हणतो. खांडे म्हणजे खड्ग. पावसाळ्यात म्यानात पडून राहिलेली शस्त्रे या दिवशी बाहेर काढावीत, पात्यावरचा गंज उतरवावा, तेलाचा हात फिरवावा, धार पारखावी आणि मग त्यांस गंधफूल वाहावे, असा हा क्रम होता. दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन. गंजलेल्या तलवारीवर हळदकुंकू वाहून कोणी मोहिमेस निघाल्याचे ऐकिवात नाही. शस्त्राची निगा हा पूजेचा पूर्वार्ध होता, आणि खरे पाहता मोठा अर्ध तोच होता.

शस्त्रे गेली, उपकरणे आली. सुताराचा रंधा, शिंप्याचे यंत्र, कुणब्याचा नांगर आणि विद्यार्थ्याची पुस्तके ही त्या पाटावर येऊन बसली. गेल्या काही दशकांत या मंडळींत चारचाकी गाडी येऊन बसली आहे आणि तिने पाटावरची सर्वांत मोठी जागा व्यापली आहे. आमच्या मेढ्यात तर दसऱ्याच्या आदल्या दोन दिवसांत पाहावे. जावळीच्या खोऱ्यातील असंख्य कुटुंबांचा एक पाय गावात आणि दुसरा मुंबई-नवी मुंबईत. बाजारपेठांतून पाठीवर ओझी वाहणाऱ्या या भागातील माथाडी कामगारांच्या दोन पिढ्यांनी घरे उभी केली. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांच्या कष्टास काही संरक्षण लाभले. आज त्यांची मुले-नातवंडे नवरात्रात गावी येतात, ती बहुधा हप्त्यांवर घेतलेल्या गाडीतून. कुसुंबीच्या काळूबाईचे दर्शन घेऊन येताना त्या गाडीवर एक झेंडूची माळ चढते. अशा गाडीची पूजा होते, यात हसण्यासारखे काय आहे, हे आम्हास समजत नाही. ज्या वस्तूवर घराची पोटापाण्याची ये-जा अवलंबून आहे आणि जिच्यात बसून लेकरेबाळे घाट चढतात-उतरतात, तिच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडावेत, यात भाबडेपणाहून शहाणपण अधिक आहे.

आमची तक्रार पूजेविषयी नाही; पूजेच्या आधी जे स्नान घातले जाते त्याविषयी आहे.

अष्टमीच्या दुपारपासून वेण्णेच्या काठी गाड्यांची रांग लागते. जीप, टेंपो, ट्रॅक्टर, नव्या कोऱ्या मोटारी, सर्व चाके थेट पाण्यात. कपडे धुण्याची पूड बादलीत घोळायची, जुन्या बनियनचा बोळा त्यात बुडवायचा आणि वाळू-चिखलासकट सारा पत्रा खसखसून चोळायचा. कोणी त्याहून उत्साही असला तर भांड्याप्रमाणे नारळाची शेंडी वापरतो. शेवटी चकाकी यावी म्हणून डिझेलचा पोचारा. हे सारे फेसाळ, तेलकट पाणी वेण्णेत उतरते. ही वेण्णा महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावते, मेढ्यावरून वाहत कण्हेर धरणाच्या जलाशयात जाते आणि पुढे संगम माहुलीस कृष्णेला मिळते. वाटेतली गावे तिचे पाणी पितात. माहुलीच्या घाटावर ज्या पाण्यात आपण श्रद्धेने अस्थी विसर्जन करतो, त्याच पाण्यात आपल्या गाडीच्या इंजिनाखालचे तेल चार दिवस आधी आपणच सोडलेले असते. नवमीस उपकरणाची पूजा करायची आणि तिच्यासाठी अष्टमीस नदीचा अवमान करायचा, हा व्यवहार धर्माच्या कोणत्या पोथीत बसवायचा ते ज्याचे त्याने ठरवावे. कायद्याच्या पोथीत तो बसत नाही. जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९७४ पासून आहे.

गंमत अशी की, ज्या गाडीसाठी हा खटाटोप, तिचेही यात कल्याण होत नाही. उलट वर्षभराच्या प्रवासात झाली नसेल एवढी झीज या एका स्नानात होऊ शकते. ते कसे, हे थोडे सविस्तर सांगणे भाग आहे.

आजच्या मोटारीच्या पत्र्यावर रंगाचा एकच थर नसतो. पत्र्यास आधी गंजरोधक अस्तर, त्यावर दुसरे अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक लेप. या सर्व थरांची मिळून जाडी साधारणतः शंभर ते दीडशे मायक्रॉन भरते. त्यातील वरचा पारदर्शक लेप चाळीस-पन्नास मायक्रॉनांचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. आपण जिला गाडीची चकाकी म्हणतो ती या केसाएवढ्या लेपाची चकाकी होय. तो एकदा घासला गेला की उगवून येत नाही. केळघरच्या घाटातून महाबळेश्वराकडे गेलेल्या गाडीवर जांभ्याची तांबडी धूळ असते. खाली उतरावे तो काळ्या पाषाणाची खर आणि भातखाचरांचा चिखल. या धुळीचे कण रंगाच्या लेपाहून कठीण असतात. कोरड्या किंवा अर्धवट ओल्या फडक्याखाली ते सापडले की काचकागदाचे काम करतात. उन्हात तिरकस पाहिले असता बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतात, त्या रस्त्याने दिलेल्या नसतात. त्या आपल्याच हाताने उमटलेल्या असतात.

कपड्यांच्या पुडीचे तसेच. तिचा धर्मच मुळी स्निग्धता काढण्याचा. कपड्यावरचे तेल काढते तशी ती गाडीवरील मेणाचा संरक्षक थरही काढून नेते, आणि न विरघळलेले तिचे खडे पुन्हा ओरखडे काढतात. डिझेलची चकाकी तर निव्वळ मायावी. ती धूळ ओढून घेते, रबरी पट्ट्या फुगवते आणि दोन दिवसांत गाडी पूर्वीहून कळकट दिसू लागते.

घरच्या अंगणात हे काम नीट करण्यास फार साहित्य लागत नाही. गाडी सावलीत घ्यावी आणि पत्रा थंड होऊ द्यावा. तापल्या पत्र्यावर साबण वाळून डाग धरतो. फडके लावण्यापूर्वी नुसते पाणी भरपूर ओतून सुटी धूळ आणि चिखल जाऊ द्यावा. देवावर आपण आधी जलाभिषेक करतो, घासणी लावत नाही, हे येथे आठवावे. चाकांवरील कमानींच्या आत, मडगार्डच्या कडांना आणि दारांच्या खालच्या बाजूस चिखल साठतो, तो हाताने मोकळा करावा. जावळीसारख्या चार महिने ओल्या राहणाऱ्या भागात गाडी कुजते ती तेथून. वरची चकाकी शाबूत असताना खालचा पत्रा खाल्ला गेल्याची उदाहरणे मेढ्याच्या कोणत्याही गॅरेजात पाहायला मिळतील. दारांच्या तळाशी पाणी निचरण्याची बारीक छिद्रे असतात. ती चिखलाने बुजली तर दारात पाणी साचून आतून गंज चढतो.

मग दोन बादल्या. एकीत गाडीसाठी मिळणारा सौम्य शाम्पू, दुसरीत निव्वळ पाणी. मऊ फडके शाम्पूत बुडवून टपापासून सुरुवात करावी आणि खाली यावे. सर्वांत मळकट भाग खाली असतो, त्याचा मळ वर नेऊ नये. प्रत्येक भाग झाला की फडके आधी साध्या पाण्यात खळबळून मगच पुन्हा शाम्पूत घालावे. चाकांचे फडके निराळे. हात सरळ रेषेत फिरवावा, गोल नव्हे. शेवटी स्वच्छ पाणी, आणि लगेच मायक्रोफायबरच्या टॉवेलाने टिपून कोरडे करणे. विहिरी-कूपनलिकांच्या जड पाण्याचे थेंब वाळू दिले तर पांढरे ठिपके राहतात आणि ते सहजासहजी जात नाहीत. या साऱ्यास पाच-सहा बादल्या पाणी पुरते. नळी सुरू ठेवून अर्धा तास गाडी धुणाऱ्याने एकदा हिशेब करावा: मिनिटास दहा लिटर धरले तरी तीनशे लिटर होतात.

येथपर्यंत सर्वांना मान्य होईल. वाद होतो तो 'पॉलिश' या शब्दावर. आपल्याकडे गाडीस काहीही चोपडले की त्याला पॉलिश मारले असे म्हणतात. वास्तविक पॉलिश आणि मेण यांची कामे परस्परविरुद्ध आहेत. पॉलिश म्हणजे बारीक घासणी. ते लेपाचा अतिसूक्ष्म थर काढून टाकते आणि ओरखडे त्याबरोबर नाहीसे होतात. मेण काही काढीत नाही, ते वर एक थर चढवते. दरवर्षी दसऱ्यास गाडी पॉलिश करावी हा संकेत आला तो आपल्या वडिलांच्या आणि आजोबांच्या काळातून, आणि त्या काळी तो योग्यही होता. १९१४ ते १९२५ या काळात फोर्डची प्रसिद्ध गाडी केवळ काळ्या रंगात निघे. पुढे १९२३ साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने 'ड्युको' हा झटपट वाळणारा रंग मोटारींसाठी आणला आणि गाड्या रंगीबेरंगी झाल्या. त्या नावाचा दरारा असा की आपले पेंटर आजही फवाऱ्याने दिलेल्या रंगास ड्युको म्हणतात. त्या जुन्या पद्धतीच्या रंगावर पारदर्शक लेप नसे. उन्हाने रंगच वरून निस्तेज होई; ती मेलेली साय कंपाउंडने घासून काढली की खालचा ताजा रंग उघडा पडे. रंगही जाड, त्यामुळे घासणे परवडे. अँबॅसडर आणि फियाट ज्यांनी सांभाळल्या त्यांच्या हातांना ही सवय जडली. तीच सवय आजच्या केसाहून पातळ लेपावर दरसाल चालविली, तर काही वर्षांत लेप संपतो आणि बॉनेटवर पांढरट चट्टे उमटतात. वडिलांच्या रीतीचा मान राखावा, पण त्यांची गाडी निराळी होती हेही ध्यानात घ्यावे. पॉलिश क्वचित, गरज पडेल तेवढ्याच जागी. मेण मात्र वर्षातून तीन-चारदा.

मेणांत कार्नौबा नावाचे मेण नाणावलेले. ब्राझीलमधील एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांवर ते धरते. ऐंशी अंश सेल्सिअसच्या वर तापल्याखेरीज वितळत नाही, म्हणून वैशाखातही टिकते. गाडी धुऊन कोरडी झाली की सावलीत, एका वेळी हातभर जागेवर, अगदी पातळ लावावे. जाड लावल्याने अधिक संरक्षण मिळत नाही, पुसण्याचे कष्ट तेवढे वाढतात. धुरकट झाले की स्वच्छ फडक्याने हलकेच पुसावे. काळ्या प्लॅस्टिकच्या भागांस लागू देऊ नये. तेथे ते पांढरे राहते. असा एक हात साधारण दोन महिने टिकतो. पाण्याचे थेंब मोत्यांसारखे गोल न राहता पसरू लागले की मेण उडाले असे समजावे. कृत्रिम मेणे अधिक टिकतात, आणि ज्यांस परवडते ते हल्ली सिरॅमिकचा लेपही देऊन घेतात. परंतु गाडी धुण्याची रीत चुकीची असेल तर तोही ओरखड्यांपासून वाचवीत नाही.

आता नाजूक विषय. हे सारे करून नवमीच्या सकाळी आपण त्याच बॉनेटवर ओले कुंकू फासून स्वस्तिक काढतो, चिकटपट्टीने माळा लावतो, जाळीत उदबत्ती खोचतो आणि बंपरवर नारळ आपटतो. हळदीचा रंग किती चिवट असतो हे गृहिणीस सांगावयास नको. बाजारातील स्वस्त कुंकवात तर पुष्कळदा कृत्रिम रंग असतो. पांढऱ्या गाडीवर ते ओलसर आठवडाभर उन्हात राहिले तर फिकट तांबडी छाया कायमची राहू शकते. मिरच्यांसह टांगलेल्या लिंबाचा रस आंबट. तो ओघळून पत्र्यावर वाळला की लेपास चरतो. नारळाच्या पाण्याचे शिंतोडे चिकट डाग धरतात. माळेची तार ओरखडे काढते, आणि चिकटपट्टीचा गोंद काढताना पुढचे पंधरा दिवस घरातील कोणीतरी नखांनी रंग खरवडत बसते.

यावर काही वडीलधारी मंडळी म्हणतील, गाडीला डाग पडतो म्हणून देवाधर्माला काट मारायची काय? हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. परंतु त्याचे उत्तर आपल्या देवस्थानांनीच देऊन ठेवलेले आहे. करवीरनिवासिनी अंबाबाईची मूर्ती शतकानुशतकांच्या दूध-दह्याच्या अभिषेकांनी आणि हळदकुंकवाने झिजू लागली, तेव्हा मूळ मूर्तीवरील अभिषेक थांबविले गेले आणि २०१५ साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून तिचे संवर्धन करण्यात आले. वाद पुष्कळ झाले. पण पूजा थांबली का? भक्तांची दाटी कमी झाली का? पंढरीच्या विठुरायाच्या मूर्तीसही संवर्धनाचा लेप द्यावा लागलेलाच आहे. साक्षात देवाच्या मूर्तीसाठी उपचारांत बदल केला जातो, आणि तो वारकरी नि देवीभक्त स्वीकारतात, तर कर्ज काढून घेतलेल्या पत्र्याच्या गाडीसाठी तो करण्यात अधर्म कसला?

बदल तरी केवढासा! आदल्या दिवशी मेण लावून ठेवले की कुंकू आणि रंग यांच्यामध्ये आपोआप एक पडदा येतो. स्वस्तिक विड्याच्या पानावर काढून ते पान बॉनेटवर ठेवावे. पत्र्यावरच काढावयाचे असेल तर कोरड्या कुंकवाने, आणि दुसऱ्या दिवशी ओल्या मऊ फडक्याने ते टिपून घ्यावे. माळ सुती दोऱ्याने बांधावी आणि गाडी हलविण्यापूर्वी उतरवावी, कारण धावत्या गाडीवर हेलकावणारी माळ दिवसभर रंग घासत राहते. आपल्याकडे नव्या भाताच्या लोंब्या आणि आंब्याचे टहाळे तोरणात असतात, ती शोभा कोणत्याही झगमगीत कागदी पट्टीस येणार नाही. उदबत्ती आणि निरांजन खाली पाटावर. नारळ गाडीवर नव्हे, गाडीपुढील दगडावर. लिंबू चाकाखाली चिरडले तर रंगास काही होत नाही. तेथे श्रद्धा आणि पत्रा यांचे भांडण नाही.

झाकण्याविषयीही एक शब्द. पुष्कळजण पूजा आटोपली की गाडीवर प्लॅस्टिकचे आवरण घालून मुंबईहून पुन्हा येईपर्यंत ती तशीच ठेवतात. धुळकट गाडीवर आवरण वाऱ्याने घासते. ओलसर गाडीवर घातले तर आत वाफ कोंडते. गाडी कोरडी आणि स्वच्छ असेल तरच आवरण, तेही हवा खेळती राहील अशा कापडाचे. चिंचेखाली किंवा आंब्याखाली गाडी उभी करण्याचा मोह सावलीसाठी होतो, पण झाडाचा चीक आणि पाखरांची विष्ठा ही दोन्ही रंगाची वैरी. विष्ठा दिसताच पाणी घालून भिजवावी आणि उचलून घ्यावी, कोरडी खरवडू नये. घाटात खडी उडून टवका गेला असेल तर त्याच रंगाची लहान कुपी मिळते. तिचा एक ठिपका वेळीच दिला की पत्रा उघडा पडून गंज धरीत नाही.

निगेने वस्तू किती टिकते याचा दाखला हवा असेल तर दसऱ्यास कोल्हापुरास जावे. छत्रपती घराण्याची १९३६ सालच्या सुमाराची मेबॅक ही जर्मन बनावटीची मोटार सीमोल्लंघनाच्या सोहळ्यास अजून निघते आणि लोक ती पाहण्यास गर्दी करतात. राजघराण्याची साधने आपल्याकडे नाहीत, हे खरे. पण छपराची सावली, मऊ फडके आणि सावकाश फिरणारा हात यांस राजवैभव लागत नाही.

तो हात कोणाचा असावा, यावरही आमचे मत आहे. अनेक घरांत नवरात्रात देवघरातील तांबे-पितळ घासते घरातील स्त्री, फराळ करते ती, पाटावर रांगोळी काढते ती. आणि गाडीचे मालक मात्र वॉशिंग सेंटरमध्ये गाडी सोडून येतात व मुहूर्तावर कुंकू लावण्यापुरते प्रकट होतात. वॉशिंग सेंटरवाल्याचा रोजगार बुडावा असे आम्ही म्हणत नाही. ज्याने मळीचे पाणी निवळण्याची टाकी केली आहे आणि जो ते ओढ्यात सोडत नाही, त्याच्याकडे वर्षभर अवश्य जावे. पण खंडेनवमीच्या आधीचे एक स्नान घरच्या पुरुषाने स्वतः, मुलांना हाताशी घेऊन घालावे. हाताने गाडी पुसताना टायरमधील चीर दिसते, मागचा फुटका दिवा दिसतो, दारामागचा गंजाचा ठिपका सापडतो. शस्त्राची धार पारखणे म्हणजे दुसरे काय होते?

राहता राहिला प्रश्न ज्यांस अंगण नाही त्यांचा. टेंपोवाले, वडाप करणारे जीपचालक, भाड्याच्या खोलीत राहणारे नोकरदार यांनी गाडी धुवावी कोठे? त्यांस नुसते 'नदीत जाऊ नका' असे सांगणे अन्यायाचे होईल. मेढ्याच्या नगरपंचायतीने अष्टमी-नवमीचे दोन दिवस नदीपासून दूर, चढावरील एखादी मोकळी जागा यासाठी नेमून द्यावी. तेथे खडी पसरून एक शोषखड्डा आणि पाण्याचा एक टँकर एवढी व्यवस्था पुरे. गणेशमूर्तींसाठी कृत्रिम हौद आणि निर्माल्यासाठी कलश गावोगावी झालेच ना? प्रत्येक गाडीमागे अल्प शुल्क घेतले तरी कोणी कुरकुर करणार नाही. नवरात्र मंडळांच्या तरुणांनी घटस्थापनेपूर्वीच हा अर्ज नगरपंचायतीकडे द्यावा, म्हणजे जागा निश्चित होण्यास हाती आठवडाभर राहील.